अंडाशयाचा कर्करोग : ओळख, उपचार आणि सोबत

सेलूच्या रेल्वे स्थानकावर मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांकडे लक्षपूर्वक पाहिल्यास एखादे तरी कुटुंब असे आढळते की, ज्याच्याजवळ कपड्यांच्या पिशवीपेक्षा कागदांची पिशवी अधिक जपून धरलेली असते. तिच्यात तपासण्यांचे अहवाल, सोनोग्राफीची चित्रे आणि निरनिराळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतात. सकाळी मुंबईत उतरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावयाची, एवढेच त्यांना ठाऊक असते. मनमाड-परभणी मार्गावरील या तालुक्याच्या गावापासून परळपर्यंतचा प्रवास एका रात्रीचा आहे. परंतु पोटातील पहिल्या तक्रारीपासून सेलूच्या फलाटापर्यंतचा प्रवास कित्येकदा सहा महिन्यांचा, वर्षाचा झालेला असतो. अंडाशयाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा दुसरा प्रवासच अधिक महाग पडतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यत्वे तोच आहे.

भारतातील स्त्रियांत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. त्यानंतर अंडाशयाच्या कर्करोगाचा क्रमांक लागतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या वर्षी देशात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. जगात हेच आकडे अनुक्रमे ३ लाख २४ हजार आणि २ लाख ६ हजारांच्या घरात होते. नव्या रुग्णांची संख्या आणि मृत्यूंची संख्या यांतील अंतर इतके थोडे का, हा प्रश्न या आकड्यांतूनच उभा राहतो.

त्याचे उत्तर शरीररचनेत आहे. अंडाशय ही बदामाएवढ्या आकाराची दोन इंद्रिये असून ती ओटीपोटात खोलवर, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस असतात. स्तनातील गाठ हाताला लागते, तोंडातील चट्टा आरशात दिसतो, गर्भाशयमुख तपासणीच्या वेळी डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहता येते. अंडाशयाची गाठ मात्र मऊ आतड्यांच्या सोबतीने मोकळ्या जागेत वाढते. संत्र्याएवढी झाली तरी ती कोठे टोचत नाही. शिवाय येथील रोगपेशी सुट्या होऊन पोटातील द्रवाबरोबर सर्वत्र पसरतात आणि आतड्यांवरील चरबीच्या पडद्यावर रुजतात. मग पोटात पाणी साचू लागते. या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आणि सर्वांत आक्रमक प्रकाराचा उगम पुष्कळदा अंडाशयात नसून त्याच्या शेजारच्या गर्भनलिकेच्या टोकाशी असतो, असे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखविले आहे. म्हणजे शत्रूचे घर नेमके कोणते, हे कळण्यासच वैद्यकशास्त्राला पुष्कळ काळ लागला.

मुका म्हणविलेला आजार

या रोगाला लक्षणेच नसतात, असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु २००० साली अमेरिका व कॅनडातील १,७२५ रुग्ण स्त्रियांना विचारणा करण्यात आली, तेव्हा शंभरातील पंचाण्णव जणींनी निदानापूर्वी आपल्याला काही ना काही त्रास होत होता, असे सांगितले. आजार मुका नव्हता. त्याची भाषा इतकी रोजची होती की, ती कोणी ऐकून घेतली नाही.

ही भाषा आपल्या परिसरात कशी बोलली जाते ते पाहू. एखादी पन्नाशीची गृहिणी म्हणते, 'पोट गच्च झाल्यासारखं वाटतं.' भाकरी अर्धी खाल्ली की पोट भरते. लुगड्याची गाठ किंवा परकराची नाडी सैल करावी लागते आणि घरचे म्हणतात, बाईची तब्येत सुधारली. ओटीपोट किंवा कंबर दुखते. ती तर कापूस वेचणाऱ्या, निंदणी-खुरपणी करणाऱ्या प्रत्येकीचीच दुखते. लघवीला वारंवार जावे लागते. वयोमानाने तसे व्हायचेच. ओवा-काळे मीठ होते, पित्ताच्या गोळ्या होतात, कोणी जंताचे औषध देते, कोणी उतारा टाकावयास सांगते. यांतील कोणतीही गोष्ट मूर्खपणाची नाही, कारण असल्या तक्रारींची शंभरातील नव्याण्णव कारणे साधीच असतात. अडचण त्या उरलेल्या एकीची आहे.

ती ओळखण्यासाठी तज्ज्ञांनी एक साधा ठोकताळा घालून दिला आहे. पोट फुगणे, थोडे खाताच पोट भरणे, पोटात किंवा ओटीपोटात दुखणे आणि लघवीची घाई अथवा वारंवारता यांपैकी एखादा त्रास अलीकडे, म्हणजे वर्षाच्या आत, सुरू झालेला असेल आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस होत असेल, तर त्या स्त्रीची ओटीपोटाची तपासणी आणि सोनोग्राफी व्हावी. 'नवीन' आणि 'वारंवार' हे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. मासिक पाळी बंद झाल्यानंतरच्या वयात हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर बारा दिवसांची वाट पाहण्याचेही कारण नाही.

येथे मराठवाड्यातील डॉक्टर मंडळींच्या चांगल्याच परिचयाची एक गुंतागुंत सांगितली पाहिजे. पोटात पाणी होण्याचे आपल्याकडील एक नेहमीचे कारण म्हणजे पोटाचा क्षयरोग. क्षयातही वजन घटते, पोट फुगते, आणि सीए-१२५ या नावाने ओळखला जाणारा रक्तातील घटकही वाढतो. अंडाशयाच्या कर्करोगातही नेमके हेच होते. त्यामुळे दोन्ही दिशांनी चूक संभवते. कर्करोगाच्या रुग्णास महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जातात. उलट क्षयाच्या, म्हणजे औषधांनी पूर्ण बऱ्या होऊ शकणाऱ्या, तरुणीच्या घरी कर्करोग म्हणून रडारड सुरू होते. पोटातील पाण्याची तपासणी आणि आवश्यक तेथे आतील तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे यांखेरीज याचा निवाडा होत नाही. केवळ रक्ताच्या एका आकड्यावरून निदान सांगितले जात असेल, तर नातेवाइकांनी नम्रपणे पुढची तपासणी मागावी.

चाचणी नाही, हेही सांगितले पाहिजे

शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी केली जाते. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन नोंद करते, उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात तपासणी होते. हे काम मोलाचे आहे. तथापि शिबिरातून घरी परतलेली बाई 'माझी कर्करोगाची तपासणी झाली, काही निघाले नाही' असे म्हणते, तेव्हा त्या वाक्यात अंडाशयाचा समावेश नसतो, हे कोणी तिला सांगत नाही. गर्भाशयमुखाच्या तपासणीत अंडाशयाचा रोग कळत नाही.

मग त्याचीही सरसकट तपासणी का करू नये? हा प्रश्न एका ग्रामसभेनंतर एका सदस्याने प्रस्तुत लेखकास विचारला होता आणि तो अगदी रास्त होता. उत्तर असे की, ती करून पाहण्यात आली आहे. अमेरिकेत ७८ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आणि ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणताही त्रास नसलेल्या स्त्रियांची दरवर्षी रक्ताची चाचणी किंवा सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. उलट अमेरिकेतील अभ्यासात रोग नसताना एक हजाराहून अधिक स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील दीडशेहून अधिक जणींना गंभीर उपद्रव सोसावे लागले. म्हणून त्रास नसलेल्या बाईने 'कर्करोगाचे पॅकेज' घेऊन सीए-१२५ करून घेण्यात पैसा जातो आणि धास्ती मात्र पदरी पडते.

गर्भाशयमुखाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि तिचा पुरावा तर आपल्याच शेजारचा आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांना समाविष्ट करून झालेल्या अभ्यासात विषाणूच्या एका चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा जगभर आधार घेतला जातो. त्यामागे बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचे काम होते. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील ३४६ गावांची देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तेथेच सुरू झाली. त्या नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना लक्षणांची माहिती दिली आणि तक्रार असलेल्यांना रुग्णालयापर्यंत आणले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागल्याचे आढळले. हे १९९० च्या सुमाराचे, विषाणूची चाचणी गावात पोहोचण्यापूर्वीचे काम होय. तेव्हा साधन होते ते केवळ बोलणे.

अंडाशयाच्या बाबतीत आज आपण त्याच जागी आहोत. चाचणी नाही, म्हणून ओळख हवी. या ओळखीने काय साधते, त्याचा अतिरेकी दावा करू नये. ब्रिटनमध्ये लक्षणे जाणवताच तत्परतेने तपासलेल्या स्त्रियांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही आक्रमक प्रकारच्या रुग्णांपैकी सुमारे चौघींत एकीचाच रोग प्रारंभीच्या अवस्थेत सापडला. मात्र लवकर आलेल्या पुष्कळ जणींच्या बाबतीत शस्त्रक्रियेने सर्व दृश्य रोग काढून टाकणे शक्य झाले, आणि या आजारात पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

पिशवी काढली म्हणजे झाले काय?

जागृती करावयाची तर भीती पसरणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते, हे मराठवाड्याने कडू अनुभवातून शिकले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. 'पुढे कॅन्सर होईल' ही धास्ती या शस्त्रक्रियांमागील कारणांपैकी एक होती. परभणी जिल्ह्यातूनही दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा ही केवळ शेजारची बातमी समजण्याचे कारण नाही.

म्हणून दोन गोष्टी स्वच्छ सांगावयास हव्यात. पहिली, अंगावरून जाणे किंवा पाळीच्या तक्रारी यांसाठी कर्करोगाच्या भयाने घाईने पिशवी काढू नये. दुसऱ्या तज्ज्ञाचे, शक्यतो शासकीय रुग्णालयातील, मत घ्यावे. दुसरी, जिची पिशवी काढली आहे तिचे अंडाशय पुष्कळदा जागेवरच असतात. पोट फुगण्याची तक्रार घेऊन ती आली, तर 'तुमची पिशवी तर नाहीच' असे म्हणून तिला परत पाठविता येत नाही.

सोनोग्राफीत अंडाशयात 'गाठ' किंवा 'पाण्याची पिशवी' दिसली, असे ऐकताच घर हादरते. पाळी चालू असलेल्या वयातील बहुतेक पाण्याच्या गाठी निरुपद्रवी असतात आणि कित्येक आपोआप विरतात. काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करणे हाच त्यांवरील उपाय असतो. मात्र गाठ घन असेल, वाढत असेल, सोबत पोटात पाणी असेल किंवा पाळी गेलेल्या वयात ती आढळली असेल, तर ती फोडण्याचा वा सुईने रिकामी करण्याचा प्रयोग गावपातळीवर होऊ नये. गाठ फुटल्यास एका जागी असलेला रोग पोटभर विखुरण्याचा धोका असतो.

शिक्षकांसाठी एक वेगळी नोंद. हा आजार केवळ उतारवयाचा नाही. त्याचा एक निराळा प्रकार शाळकरी मुलींत व तरुणींत क्वचित आढळतो. पोट वेगाने वाढते, दुखते. अविवाहित मुलीचे पोट वाढलेले दिसताच गावात कुजबुज काय होते, हे सांगावयास नको. लाजेपायी आईवडील तिला घरात ठेवतात. वास्तविक हा प्रकार औषधांना उत्तम दाद देणारा असून बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात, आणि एक अंडाशय व गर्भाशय राखून उपचार करता येत असल्याने पुढे त्यांना अपत्यही होऊ शकते. अशा मुलीला बदनामीतून सोडवून रुग्णालयात पोहोचविणारी शिक्षिका तिचा जीव वाचविते.

हा रोग कोणास अधिक संभवतो, याबद्दल थोडक्यात. मूल न झालेल्या स्त्रियांत तो काहीसा अधिक आढळतो. बाळंतपणे, स्तनपान आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा दीर्घ वापर यांनी धोका घटतो. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनेही काही प्रमाणात घटतो, नाहीसा मात्र होत नाही. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांच्यापैकी कोणास अंडाशयाचा किंवा तरुणपणी स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. १९९४ व १९९५ मध्ये शोधलेल्या दोन जनुकांतील दोष पिढ्यान् पिढ्या चालत येतो. तो वडिलांकडूनही येऊ शकतो. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची ही जनुकीय चाचणी करावी, असे आता तज्ज्ञ सांगतात, कारण तिच्या उत्तरावर तिच्या औषधांची निवड आणि तिच्या मुलींची काळजी दोन्ही ठरतात.

उपचार आणि त्यानंतरचे घर

शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार हे उपचाराचे दोन आधार होत. शस्त्रक्रिया पहिल्याच वेळी, या कामाचे खास शिक्षण घेतलेल्या सर्जनकडून व्हावी. पोट उघडून, रोग पाहून, अर्धवट काढून पुन्हा शिवणे यात रुग्णाची शक्ती आणि संधी दोन्ही वाया जातात. प्लॅटिनम या धातूपासून बनविलेले औषध १९७८ पासून या रोगावर वापरले जात आहे आणि आजही त्याच कुळातील औषध मुख्य आहे. सर्वसाधारणपणे दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे सहा वेळा औषध दिले जाते. रोग पसरलेला असल्यास काही मात्रा शस्त्रक्रियेपूर्वी देतात. रोग अंडाशयापुरता असताना सापडला, तर शंभरातील सुमारे नव्वद स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरलेल्या अवस्थेत तो उपचारांनी बहुधा आटोक्यात येतो, परंतु बहुतेकींच्या बाबतीत काही महिन्यांनी वा वर्षांनी उलटतो आणि पुन्हा औषध घ्यावे लागते. मधुमेहाप्रमाणे या आजाराबरोबरही वर्षे काढावी लागतात, ही कल्पना कुटुंबास आरंभीच दिलेली बरी. अभिनेत्री मनीषा कोईराला यांना २०१२ मध्ये हा रोग बळावलेल्या अवस्थेत असल्याचे कळले. उपचारांनंतर त्यांनी २०१८ मध्ये आपल्या आजारपणावर पुस्तक लिहिले आणि त्या पुन्हा पडद्यावर काम करू लागल्या. त्यांना लाभलेली साधने प्रत्येकीस लाभत नाहीत, हे खरे. पण या रोगाचे नाव उघडपणे उच्चारण्याचे काम त्यांनी केले.

सेलूसारख्या गावी परतलेल्या स्त्रीचे प्रश्न पुस्तकांतील प्रश्नांहून बारीक असतात. केस जातात, ते परत येतात. हातापायांची बोटे बधिर होतात. मग तव्याचा चटका कळत नाही, कापसाच्या बोंडाचे काटे रुतलेले कळत नाहीत, अनवाणी रानात गेल्यास पायाची जखम दिसत नाही. तिने पायांत चप्पल घालावी, चुलीपाशी दुसऱ्या कोणी बसावे. औषध घेतल्यानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत शंभर अंशांवर ताप गेला, तर घरगुती गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. शरीराची प्रतिकारशक्ती तेव्हा सर्वांत क्षीण असते आणि त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. पाळी चालू असलेल्या वयात दोन्ही अंडाशय काढल्यास एकाएकी अंगाची आग होते, झोप उडते, चिडचिड होते. तो स्वभावाचा दोष नव्हे, हे पतीने आणि सासूबाईंनी समजून घ्यावे. हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा सहवासाने होत नाही. वेगळे भांडे मांडण्याचे कारण नाही. दुर्दैवाने ते मांडले जाते. रुग्ण बाई स्वतःच ते मांडून घेते, हे अधिक वाईट.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातील बायका एकत्र जमतात, बचतगटांच्या बैठका दरमहा होतात, ८ मे हा दिवस २०१३ पासून जागतिक अंडाशय कर्करोग दिन म्हणून पाळला जातो. पंचायतीच्या महिला सदस्यांनी आणि आशा कार्यकर्तीने अशा एखाद्या बैठकीत ती चार लक्षणे आणि 'नवीन व वारंवार' एवढे सांगण्यास दहा मिनिटे पुरतात. भाषणापेक्षा बोलीत सांगावे, आणि शक्यतो पुरुष मंडळी नसताना.

खर्चाची आणि प्रवासाची माहिती हातची असावी. उपचारासाठी दर खेपेस मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय असून ते सेलूहून याच रेल्वेमार्गावर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व रसायनोपचार अंतर्भूत आहेत. २०२३ च्या निर्णयाने संरक्षणाची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपये करण्यात आली. शिधापत्रिका आणि आधारपत्र घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे. मुंबईस जाणाऱ्यांपैकी अनेकांचा आसरा म्हणजे दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा. उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या स्लीपर व वातानुकूलित तृतीय वर्गात भाड्याची पूर्ण सूट मिळते आणि सोबतच्या एका व्यक्तीस तीन चतुर्थांश. त्यासाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून भरून, सहीशिक्क्यानिशी घ्यावे आणि त्याच्या दोन-तीन प्रती त्या कागदांच्या पिशवीत ठेवाव्यात.